फिनिक्स ते टूसॉन, आय-१० चं रुंदीकरण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, फिनिक्सजवळच्या चँडलर, टेंपी, गिल्बर्ट भागातल्या मराठी मंडळींना टूसॉनची वारी चुकत नाही. कुणाची मुलगी तिथल्या विद्यापीठात शिकते, कुणाला पुण्याहून आलेल्या आईबाबांना सग्वारोचं, म्हणजे उंचच उंच निवडुंगांचं जंगल दाखवायचं असतं, कुणी रोज कासा ग्रांडेहून इंटेलला येतो. या सगळ्यांचा रस्ता एकच, आय-१० हा आंतरराज्य महामार्ग. त्याचं रुंदीकरण सुरू झाल्यापासून तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवली आहेत.

काम नेमकं कुठे चाललंय?

फिनिक्स ते टूसॉन अंतर साधारण ११५ मैल. त्यातला चँडलरच्या हद्दीवरच्या लूप २०२ पासून कासा ग्रांडेजवळच्या स्टेट रूट ३८७ पर्यंतचा २६ मैलांचा, म्हणजे सुमारे ४२ किलोमीटरचा पट्टा. सरकारी कागदांत याला ‘वाइल्ड हॉर्स पास कॉरिडॉर’ म्हणतात. दोन शहरांमधला हा एकच तुकडा जाताना दोन आणि येताना दोन लेनचा राहिला होता. त्याच्या दोन्ही टोकांना रस्ता रुंद आहे, मध्येच गळा आवळल्यासारखा. आता पूर्ण पट्ट्यात दोन्ही दिशांना तिसरी लेन होणार, उत्तरेकडच्या टोकाला रिग्ज रोडपर्यंत कारपूल लेन (गर्दीच्या वेळी किमान दोन माणसं असलेल्या गाड्यांसाठीची) वाढणार, हीला नदीवरचे पूल नव्याने बांधले जाणार आणि काही ठिकाणचे चढ-उतारांचे रॅम्प व फ्रीवेवरून आडवे जाणारे पूलही बदलणार.

टूसॉन दक्षिणेला, मग पाटीवर ‘ईस्ट’ का?

आय-१० कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिकापासून फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलपर्यंत, म्हणजे पश्चिम-पूर्व धावतो. इथे तो काही काळ दक्षिणेकडे वळतो, पण पाट्या आपला हट्ट सोडत नाहीत. टूसॉनला जायचं तर ‘ईस्ट’, परत यायचं तर ‘वेस्ट’. ९११ ला फोन करताना हे लक्षात ठेवा आणि जवळच्या मैलाच्या खांबावरचा आकडाही सांगा. मदत चुकीच्या बाजूला गेली तर तिला वळसा घालायला पुढच्या एक्झिटपर्यंत जावं लागतं, आणि इथे एक्झिट लांब लांब आहेत.

बाकी रस्ता कधीच तीन लेनचा झाला. हाच तुकडा इतकी वर्षं का रखडला?

‘ओसाड वाळवंट तर आहे, दोन्ही बाजूंना जागाच जागा, टाकायचं डांबर!’ असं गाडीतून जाताना वाटतं खरं. पण ही जागा ओसाड नाही आणि राज्य सरकारच्या मालकीचीही नाही. या २६ मैलांचा बहुतांश भाग हीला रिव्हर इंडियन कम्युनिटीच्या भूमीतून जातो. अकिमेल ओ’ओडाम आणि पी पॉश या दोन मूलनिवासी समाजांचा हा राखीव प्रदेश १८५९ मध्ये स्थापन झाला. त्याचं स्वतःचं सरकार आहे, स्वतःचे कायदे आहेत, निवडून आलेला गव्हर्नर आहे. ॲरिझोनाचं परिवहन खातं तिथे पाहुणं असतं. ते सांगेल आणि ही मंडळी हो म्हणतील असं होत नाही.

त्यात आणखी एक गुंता. राखीव प्रदेशातली बरीच जमीन एके काळी कुटुंबांना वाटून दिली गेली. पिढ्या सरत गेल्या, वारस वाढत गेले. आपल्याकडे एका सातबाऱ्यावर पंचवीस नावं असली की कसं होतं, तसंच. रस्त्यासाठी जादा पट्टी हवी तर अशा जमिनीच्या बहुसंख्य हिस्सेदारांची संमती लागते, त्यावर केंद्राच्या इंडियन अफेअर्स ब्यूरोची मंजुरी लागते. हिस्सेदार शोधण्यातच महिने जातात.

मागचा अनुभवही आहे. फिनिक्सच्या दक्षिणेकडून जाणारा साउथ माउंटन फ्रीवे कम्युनिटीच्या जमिनीवरून न्यावा का, यावर २०१२ मध्ये तिथे मतदान झालं आणि कौल विरोधात गेला. मग तो फ्रीवे सीमेला लागून नेला. त्यासाठी त्यांना पवित्र असलेल्या डोंगराचा काही भाग कापला गेला. कोर्टकचेऱ्या झाल्या आणि २०१९ च्या डिसेंबरात रस्ता खुला झाला. आय-१० च्या वेळी राज्याने शहाणपण दाखवलं: अभ्यासापासूनच कम्युनिटी भागीदार म्हणून टेबलावर होती. वेळ लागला, पण माझ्या मते याहून जवळची वाट नव्हतीच. गाडी रांगेत अडकल्यावर ‘यांनी अडवून ठेवलंय’ असं म्हणणारे आपल्यातही भेटतात. त्यांनी एवढं लक्षात घ्यावं की फ्रीवे कम्युनिटीच्या गावांमधून जातो आणि तिथल्याच पोरांना शाळेला जाताना तो ओलांडावा लागतो.

हीला नदीत तर पाणीच नसतं. मग पुलावर एवढा खर्च कशाला?

पाणी नसतं, कारण ते वरच्या अंगाला वळवलं गेलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नव्याने आलेल्या वसाहतकऱ्यांनी आपल्या शेतीसाठी पाट काढले आणि खालच्या अंगाला शतकानुशतकं कालव्यांवर शेती करणाऱ्या ओ’ओडाम लोकांवर उपासमारीची पाळी आली. पाण्याचा हक्क मान्य करणारा कायदा व्हायला २००४ उजाडलं.

पण वाळवंटातली कोरडी नदी भरवशाची नसते. १९८३ आणि १९९३ मध्ये हीलाला मोठे पूर आले. अशा नद्यांत पुराचं पाणी खांबांच्या पायथ्याची वाळू उपसून नेतं आणि पूल आतून पोकळ होतो. त्यामुळे पाया खोल न्यावा लागतो, खांबांची जागा विचार करून ठरवावी लागते. शिवाय जुन्या पुलांवर तिसरी लेन मावणार नव्हतीच. म्हणून २०२४ मध्ये प्रत्यक्ष कामाला सुरुवात पुलांपासूनच झाली.

एकूण खर्च किती आणि पैसा कुणाचा? टोल लागणार का?

खर्च साधारण एक अब्ज डॉलर. टोल नाही, ॲरिझोनात टोलरस्ते नाहीतच. २०२२ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने या रस्त्यासाठी ४० कोटी डॉलर बाजूला काढले. केंद्राकडे ३६ कोटी मागितले होते, ते मिळाले नाहीत. दुसऱ्या खेपेला वेगळ्या योजनेतून साडेनऊ कोटी मिळाले. उरलेली भर राज्य आणि प्रादेशिक निधीची.

रस्त्यांचा मुख्य झरा मात्र आटत चाललाय. ॲरिझोनाचा पेट्रोलवरचा कर गॅलनमागे १८ सेंट आहे, आणि तो १९९१ पासून हललेला नाही. केंद्राचा १८.४ सेंट, तोही १९९३ पासून तेवढाच. महागाई वाढली, गाड्या कमी पेट्रोल पिऊ लागल्या, विजेवरच्या गाड्या तर हा कर भरतच नाहीत. गंमत म्हणजे ल्युसिडचा विजेवरच्या गाड्यांचा कारखाना याच रस्त्याच्या टोकाला, कासा ग्रांडेत आहे.

लेन वाढवली की कोंडी खरंच सुटते? दहा वर्षांनी पुन्हा तेच ना?

शंका रास्त आहे. ह्यूस्टनमधला केटी फ्रीवे म्हणजेही हाच आय-१०. सुमारे २.८ अब्ज डॉलर ओतून तो २००८ मध्ये अवाढव्य रुंद केला, काही ठिकाणी सेवारस्त्यांसह २६ लेनपर्यंत. २०११ ते २०१४ या काळात संध्याकाळी शहराबाहेर जायला लागणारा वेळ निम्म्याहून जास्त वाढला. रस्ता मोकळा दिसला की लोक दूर घरं घेतात, दूरची नोकरी धरतात, एका फेरीच्या दोन करतात. जागा भरते.

मग इथे वेगळं काय? इथे दोन टोकांना तीन-तीन लेन आणि मध्ये दोन अशी स्थिती आहे. तीन लेनची वाहतूक दोनमध्ये कोंबली जाते तिथे रांग लागणारच, कितीही शिस्तीने चालवा. त्यात सपाट रस्त्यावर ताशी ७० मैलांनी जाणारा एक मालट्रक ६८ ने जाणाऱ्या दुसऱ्या मालट्रकला ओलांडायला घेतो. पुढची तीन-चार मिनिटं दोन्ही लेन त्यांच्या आणि मागे आपण. लॉस एंजेलिस-लाँग बीच बंदरांचा आणि नोगालेसमार्गे मेक्सिकोहून येणारा माल याच वाटेने जातो, त्यामुळे ट्रक कमी होणार नाहीत. तिसऱ्या लेनने हा गळा नक्की मोकळा होईल.

पण कायमचा नाही. कासा ग्रांडे ज्यात येतं त्या पिनाल काउंटीची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत सव्वाचार लाखांवर गेली आणि कासा ग्रांडेच्या बाजूला नव्या वसाहतींचे फलक थांबलेले नाहीत. ‘अर्ध्या तासात चँडलर’ या आशेवर तिथे घर घेणाऱ्यांनी हिशोब जपून करावा. मला विचाराल तर या रुंदीकरणाची खरी कमाई वाचणाऱ्या मिनिटांत धरू नये. ती पुढच्या उत्तरात आहे.

रुंद रस्त्यावर लोक आणखी जोरात पळवतील. सुरक्षितता कशी वाढणार?

पळवतील, नाकारत नाही. पण या पट्ट्यातले वाईट अपघात कसे होतात ते पाहा. १२ जानेवारी २०२३ च्या पहाटे चँडलरजवळ वाहतूक मंदावली होती, आणि मागून आलेला मालट्रक वेग न कमी करता गाड्यांवर आदळला. पाच जण गेले. चालकाच्या फोनवर टिकटॉक चालू होतं, हे तपासात निघालं. पुढे त्याला साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली. दोष फोनचा, यात वाद नाही. पण रांगेचं शेपूट हीच फ्रीवेवरची सर्वांत धोक्याची जागा असते: पुढे सगळं थांबलेलं, मागचा ७५ च्या वेगात, आणि नजर मैलभर सरळ रस्त्याला सरावलेली. रांगा जितक्या कमी लागतील तितकी अशी शेपटं कमी.

दुसरी गोष्ट, दोन लेनच्या रस्त्यावर एक गाडी आडवी झाली की अर्धा रस्ता गेला. दोन झाल्या की फ्रीवे बंद. मागे अडकलेल्यांत ॲम्ब्युलन्सही असते. जुलैच्या दुपारी ११० फॅरनहाइटमध्ये, म्हणजे ४३ सेल्सिअसच्या वर, तान्ह्या बाळासह दोन तास उभ्या गाडीत काढणं म्हणजे काय ते ज्यांनी काढलेत त्यांना विचारा. तीन लेन आणि ऐसपैस शोल्डर (कडेच्या मोकळ्या पट्ट्या) असले तर अपघात झाला तरी एखादी लेन चालू ठेवता येते, वाट मिळते. एवढ्यासाठीसुद्धा हे काम मला पटतं.

धुळीच्या वादळाचं काय? ते तर लेन वाढवून थांबत नाही.

नाही थांबत. पावसाळ्यात, म्हणजे इथल्या हिशोबाने १५ जून ते ३० सप्टेंबर, ढगांतून कोसळणारी थंड हवा पडीक शेतांतली माती उचलते आणि भिंतच्या भिंत फ्रीवेवर येते. छोट्या झोतांना हंगामही लागत नाही. २९ ऑक्टोबर २०१३ ला पिकाचोजवळ अशाच धुळीत १९ गाड्या एकमेकींवर आदळल्या, तीन जण दगावले.

त्यानंतर इलॉय ते पिकाचो पीक या दहा मैलांत धूळ ओळखणारी यंत्रणा बसवली. ती नव्या रुंदीकरणाच्या दक्षिणेला आहे, तिथला रस्ता २०१९ मध्येच रुंद झाला. खांबांवरचे सेन्सर हवेतले कण मोजतात, रडार दूरवरचं वादळ टिपतं, आणि वेगमर्यादेच्या पाट्या आपोआप बदलतात: ७५ वरून उतरत उतरत ३५ पर्यंत. आकाश निळं दिसत असताना पाटी ५५ दाखवू लागली तर तिला बिघडलेली समजू नका. तिला पुढचं दिसलेलं असतं.

आणि सापडलातच तर हे घरातल्या सगळ्या चालकांना पाठ असू द्या. शक्य तर आधीच एक्झिट घ्या. नाहीच जमलं तर डांबराच्या बाहेर, जितकं लांब जाता येईल तितकं जाऊन थांबा. मग सगळे दिवे बंद. होय, लुकलुकणारे धोक्याचे दिवेसुद्धा. हँडब्रेक लावा आणि ब्रेकवरचा पाय काढा, नाहीतर मागचा लाल दिवा पेटलेलाच राहतो. पट्टे सोडू नका. आपल्याकडे धुक्यात चारही इंडिकेटर लावायची सवय असते, ती इथे जिवावर बेतू शकते. मागून येणाऱ्याला काही दिसत नसतं. दिवा दिसला की त्याला वाटतं रस्ता तिकडे आहे, आणि तो थेट तुमच्यावर येतो.

बांधकामाच्या धुळीने व्हॅली फीवर होईल का?

हा बुरशीचा आजार. बुरशी इथल्या मातीत राहते आणि धुळीबरोबर फुप्फुसात जाते. अमेरिकेत नोंद होणारे बहुतेक रुग्ण ॲरिझोना आणि कॅलिफोर्नियातले असतात. कामावर सतत पाणी मारणारे टँकर फिरतात ते याचसाठी. काच बंद करून जाणाऱ्याला रुंदीकरणामुळे वेगळा मोठा धोका आहे असं समजायचं कारण नाही.

एक सूचना मात्र भारतातून आलेल्या आईवडिलांसाठी. परत गेल्यावर कित्येक आठवडे खोकला, ताप, थकवा राहिला तर तिथल्या डॉक्टरांना ॲरिझोनात राहून आल्याचं आवर्जून सांगा. छातीच्या एक्स-रेवर हा आजार क्षयासारखा दिसू शकतो, आणि पुण्या-नाशिकच्या डॉक्टरांच्या डोक्यात तो पहिल्यांदा येण्याचं कारण नाही.

काम रात्रीच का चालतं?

उन्हामुळे आणि रहदारीमुळे. २०२३ मध्ये फिनिक्सला सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइटला किंवा वर होता. अशा उन्हात काँक्रीट ओतलं तर वरचं पाणी भराभर उडतं आणि तडे जातात. माणसांचं काय होतं ते सांगायला नको. शिवाय लेन बंद करायच्या तर रात्री कमी लोक अडकतात.

वाटेतले सग्वारो तोडतात का?

सरसकट नाही. राज्याच्या कायद्याने त्यांना संरक्षण आहे. हलवता येण्याजोगी झाडं उपटून जपतात आणि पुन्हा लावतात. सग्वारोला पहिला हात फुटायलाच पन्नास-पाऊणशे वर्षं लागतात, त्यामुळे मोठं झाड हलवणं क्रेनचं आणि नशिबाचं काम असतं.

एवढ्या पैशात रेल्वे का नाही?

मलाही आवडेल. फिनिक्स शहरात १९९६ पासून ॲमट्रॅकची, म्हणजे देशभरच्या प्रवासी रेल्वेची गाडीच येत नाही. सर्वांत जवळचं स्टेशन मारिकोपा गावात, आणि तिथे गाडी आठवड्यातून तीनदा, तीही अवेळी. २०२३ च्या डिसेंबरात फिनिक्स-टूसॉन रेल्वेच्या आखणीसाठी केंद्राने पाच लाख डॉलर दिले. पाच लाखांत रूळ पडत नाहीत, कागद होतात. शिवाय कासा ग्रांडेत उतरून पुढे जायचं कसं, हा प्रश्न उरतोच. रेल्वे हवीच, पण तिच्या भरवशावर हा गळा तसाच ठेवणं बरं नव्हे.

कारपूल लेनमध्ये कधी जाता येतं?

फिनिक्स परिसरातला नियम: सोमवार ते शुक्रवार सकाळी ६ ते ९ आणि दुपारी ३ ते ७ गाडीत किमान दोन माणसं हवीत. एरवी सगळ्यांना खुली. मागच्या सीटवरचं बाळही माणसात धरतात.

काम चालू असलेल्या भागात दंड जास्त आहे का?

कामगार हजर असतील तर वेगाचा दंड दुप्पट. हातात फोन धरायला तर २०२१ पासून राज्यभर बंदी आहे. कडेला दिवे लुकलुकत उभी असलेली कोणतीही गाडी दिसली की एक लेन सोडून जा, ते शक्य नसेल तर वेग कमी करा. हा शिष्टाचार नाही, कायदा आहे. आणि पाणी वाहतंय म्हणून लावलेला अडथळा ओलांडून कुणी ओढ्यात गाडी घातली, तर सोडवण्याचा खर्च त्याच्याकडून वसूल करता येतो. त्या कायद्याला इथे सगळे ‘स्टुपिड मोटरिस्ट लॉ’ म्हणतात.

काम पूर्ण कधी?

टप्प्याटप्प्याने. सगळा पट्टा एकाच दिवशी खुला होणार नाही. अधूनमधून तीन लेन मिळतील आणि पुढे पुन्हा दोन होतील. त्या बदलाच्या जागी नव्याने रांगा लागू शकतात, तयारी ठेवा. शनिवार-रविवारच्या रात्रीचे बंद एझेड-५११ या सरकारी सेवेवर आधी जाहीर होतात.

फ्रीवे बंदच पडला तर कुठून जायचं?

पूर्वेकडून स्टेट रूट ८७ धरून कूलिजमार्गे खाली येऊन पिकाचोजवळ पुन्हा आय-१० ला लागता येतं. थेट टूसॉन गाठायचं आणि घाई नसेल तर फ्लॉरेन्सहून स्टेट रूट ७९. रस्ता सुंदर आहे, पण अरुंद, आणि अंधारात सोबतीला फार गाड्या नसतात. पश्चिमेकडून ३४७ ने मारिकोपा गावातून कासा ग्रांडे, पण तो ऑफिसच्या वेळी स्वतःच तुंबलेला असतो. फ्रीवे बंद झाला की नकाशाचं ॲप सगळ्यांना एकाच वेळी या रस्त्यांवर पाठवतं, म्हणून वळण्याआधी दोन मिनिटं ५११ पाहा. लवकर सुटणार असेल तर सरळ एक्झिट घेऊन चहा प्या. गाडीत माणशी चार लिटर पाणी असू द्या, टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका, आणि गाडी बंद पडली तर सावली शोधत वाळवंटात चालत निघू नका.